गेटवरची धायटी

मामांच्या निरोपसमारंभाला मामा नव्हते. कार्यक्रम चारला होता. हार आला होता, पेढे आले होते, खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि माझ्या यादीतल्या बारा कामांपैकी अकरांवर खूण पडली होती. बारावं काम म्हणजे स्वतः मामा. ते सकाळी साडेदहालाच सगळ्यांना रामराम करून, किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले होते. भाषण तेवढं मागे होतं. ते त्यांनी पाच वर्षं आधीच लिहून माझ्याकडे तपासायला दिलं होतं. शेवटी साहेबांनी ते वाचून दाखवलं, हार खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि पेढे वाटले. कुणालाही वाईट वाटलं नाही. उलट मामा बरोबर चारला आले असते तर मला धास्ती वाटली असती. कारण मामा वेळेवर येत होते असे काही दिवस मी पाहिलेले आहेत.

त्या दिवसांत पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. पिंपरीचा औषधांचा कारखाना नवा कोरा होता. भोवती माळ, बाभळी, जोंधळ्याची शेतं, आणि मध्येच आमची चिमणी. टाइम ऑफिस गेटला लागून होतं. एक खोली, एक खिडकी, दोन टेबलं. एका टेबलावर मी कारकून, दुसऱ्यावर मामा टाइमकीपर. भोंगा वाजवायचा, हजेरी घ्यायची, उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण करायची, हे त्यांचं काम. गेटपास, हत्यारांची नोंद आणि बागेच्या कामांची यादी हे माझं. मामांचं नाव सांगत नाही. कारखान्यातही ते कुणी घेत नसे. साहेबसुद्धा मामाच म्हणत.

मामांकडे दोन घड्याळं होती. डाव्या खिशातलं कंपनीचं, सेकंदाला बरोबर. उजव्या खिशातलं त्यांचं स्वतःचं, कायम वीस मिनिटं पुढे. भोंगा डाव्या खिशावर वाजायचा आणि मामा उजव्या खिशावर चालायचे. भोंगा त्यांनी कधी क्षणभर इकडे-तिकडे होऊ दिला नाही, पण स्वतःचं सगळं आधी. सातच्या पाळीला पावणेसहाला हजर. डबा साडेदहाला खाऊन मोकळे. मग बाराला लोक जेवायला बसले की हे त्यांच्यामधून फिरत कुणाच्या भाकरीवर काय आहे ते बघत. नवं कॅलेंडर दिवाळीतच भिंतीवर. मोशीला एका लग्नाला ते इतक्या लवकर गेले, की तारीख बरोबर होती पण लग्न पुढच्या महिन्यात होतं. घरच्यांनी जेवायला घातलं. फुकट खाल्लं असं नको म्हणून मामा दोन दिवस राहिले आणि त्यांच्या भिंतींना चुना लावून देऊन आले. महिन्याने परत गेले, तेही आदल्या दिवशी.

"बाई, येळंवर आला त्यो उशिरा आला," असं ते मला रोज एकदा तरी सांगत. मी कामाच्या याद्या करते आणि वेळेवर संपवते, याचं त्यांना कौतुक नव्हतं. वेळेवर संपवणं ही त्यांच्या मते जेमतेम पास होण्यातली गोष्ट होती.

मामी बरोबर उलट्या. ते दोघं चिंचवडात एका माडीवर दीड खोलीत राहायचे. मामी पिंपरीच्या बाजाराला चालत येत, आमच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्याने. नऊला निघते म्हणालेली बाई साडेअकराला माझ्या खिडकीतून दिसायची. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलणार, शेळीच्या करडाला उचलून घेणार, कुणाच्या परड्यात डोकावणार. मामा उजव्या खिशातलं घड्याळ काढून तिच्याकडे बघत आणि मला म्हणत, "लग्नात बी उशिरा उभी राह्यली. हिचीच वरात आन् हीच घरात."

अशा माणसाचं आवडतं झाडही त्याच्यासारखंच असणार. धायटी हे मावळातल्या डोंगरउतारावर आपोआप येणारं झुडूप. पुरुषभर उंची, लांब वाकलेल्या फांद्या, साल पापुद्र्यांनी सुटणारी. वर्षातले नऊ महिने कुणी त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. पण थंडी अजून अंगात असते, पळस आणि पांगारा झोपलेले असतात, तेव्हा ही फांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत तांबड्याभडक फुलांनी भरते. मामींचं माहेर घोरावडेश्वराच्या डोंगराखालचं. लहानपणी त्या टोपल्या भरभरून ही फुलं वेचत आणि तळेगावच्या वैद्यांना नेऊन देत, कारण औषधी आसवं आंबून मुरायला त्यात धायटीचं फूल लागतं.

मामांना ती कारखान्याच्या गेटवर फुललेली हवी होती. कारण विचारलं तर म्हणायचे, "सगळ्यांच्या आधी फुलतंय, म्हणून." मला ते पटायचं. त्यांच्याकडे बघून कुणालाही पटलं असतं.

पहिल्या वर्षी घाई नडली. फुललेलं झाडच उपटून आणलं तर लगेच फुललेलं दिसेल, असा त्यांचा हिशेब. जानेवारीत सायकलवर आडवं बांधून आणलेलं ते झुडूप चौथ्या दिवशी वाळून खराटा झालं. दुसऱ्या वर्षी आषाढात मुळाशी फुटलेला एक कोंब मातीच्या गड्ड्यासकट आणला, आणि तो जगला. मग मामांनी त्याचे लाड सुरू केले. शेणखत, पेंड, रोज दोन बादल्या पाणी. झुडूप गलेलठ्ठ झालं, गाईच्या कानाएवढी पानं आली आणि फूल एकही नाही. मामी एकदा कुंपणाबाहेर उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "डोंगरातलं हाय त्ये. खाऊ घालून घालून माजलंय. उपाशी ठिवा." मामांनी बुंध्याभोवतीची माती उकरून मुरूम भरला आणि दसऱ्यानंतर पाणी तोडलं. पुढच्या वर्षी फांद्या लांब, सडसडीत आणि तांबूस झाल्या. मामा म्हणाले, आता येणार.

आणि त्याच वर्षी सायकल स्टँड निघालं.

माणसं वाढली होती. आकुर्डी, भोसरी, चिंचवड, सगळीकडून लोक सायकलींवर येत आणि सायकली कुंपणाला टेकवत. रोज कुणाचं तरी हँडल कुणाच्या तरी चाकात. तक्रारी झाल्या. साहेबांनी गेटच्या डावीकडची जागा नक्की केली, नेमकी धायटीची. साहेब पुण्याचे, रसायनशास्त्र शिकलेले, मोजकं बोलणारे, पण शब्दाचे पक्के. मामा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी झुडपाकडे बघून विचारलं, हे रानगवत इथे कशाला. मामांनी सांगितलं, फुलझाड आहे, आणि पुढे हेही सांगितलं की साहेब टाक्यांमध्ये जे औषध आंबवतात ते काम आमच्याकडे ही फुलं करतात. साहेबांना गंमत वाटली असावी.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी यावर एक जरी फूल दिसलं तर स्टँड पाण्याच्या टाकीकडे करू. नाहीतर सत्तावीसला इथे सिमेंट पडेल."

"सव्वीस कशाला, साहेब? संक्रांतीला दावतो."

हे असं. कुणी मागितलं नसताना बारा दिवस स्वतःहून कमी करून घेतले.

त्या दिवसापासून कारखान्यात दुसरा विषय उरला नाही. टाकीकडे स्टँड गेलं तर प्रत्येकाला शंभर पावलं जास्त चालायला लागणार होतं, त्यामुळे निम्मे लोक धायटीच्या विरुद्ध होते. पण येता-जाता सगळेच थांबून बघायचे. "मामा, कळी आली का राव?" ही सकाळची सलामी झाली. मामा उत्तर द्यायचे की कळीला अजून अवकाश आहे, पण काडी बघा, काडी कशी आहे. लोक काडी बघायचे. मीही बघायची. काडी चांगली होती.

आता माझी चूक सांगते. पुण्याकडे ऑक्टोबरात गुलाब छाटतात; छाटला की दीड-दोन महिन्यांत फुलांनी लगडतो. बागेबद्दल मला एवढी एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. ऑक्टोबरची यादी करताना मी गुलाब लिहिलं, थांबले, आणि मनात आलं की धायटीलाही फायदा होऊ दे. म्हणून लिहिलं, "गेटजवळची सर्व फुलझाडं छाटणे." खाली सही केली. 'सर्व' हा शब्द मी तिच्या काळजीपोटी घातला होता.

मामा असते तर हे झालं नसतं. पण दिवाळीला गावी जायचं म्हणून ते दिवाळीच्या दहा दिवस आधीच गेले होते. आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी परतही आले, कारण त्यांची दिवाळी करून झाली होती. गेटमधून आत आले आणि थांबले. बागेचा मुकादम मोशीचा, कामाला चोख. गुलाबाच्या रांगेशेजारी धायटीचे गुडघाभर उंचीचे खुंट उभे होते, सगळे एका मापाचे.

मुकादमाने माझी यादी दाखवली. मी म्हटलं, मामा, मीच लिहिलं, तिला जास्त फुलं यावीत म्हणून लिहिलं.

मामा खुंटांकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "गुलाब नव्या काडीवर येतोय, बाई. ही गेल्या सालच्या काडीवर, आन् ती काडीच गेली."

दुसऱ्या दिवशी सहाला गेट उघडायला मामा नव्हते. वॉचमनने सव्वासहापर्यंत वाट बघितली आणि चिंचवडला माणूस पाठवायची तयारी केली. मामा सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आले. साडेसहाचा पहिला भोंगा वाजवला आणि जागेवर बसले. डबा बाराला सगळ्यांबरोबर खाल्ला. दुपारी त्यांनी वेळ बघायला उजव्या खिशातलं घड्याळ काढलं तेव्हा मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. त्यांचं आणि माझं, दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी मी चिंचवडला त्यांच्या घरी गेले. मामा बाहेर गेले होते. मामी जिना चढून नुकत्याच वर आल्या होत्या आणि भिंतीला टेकून श्वास जमवत होत्या. तेव्हा कळलं. मामींना दम्याने चार वर्षं धरलं होतं. डोंगर सोडाच, चढाचा रस्ताही होत नव्हता. माहेरी गेल्या तरी पायथ्याशीच बसून राहायच्या. "मी म्हनलं, आता धायटी काय मला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "तवापास्नं ह्यांनी त्ये खूळ घेतलंय. बाजाराच्या वाटंवर पायजे म्हनून. बोलायचे न्हाईत, पर मला काय कळत न्हाई व्हय?"

मी सगळं सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढं विचारलं, की सगळंच कापलं का. मी म्हटलं, सगळंच. "बघती," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

पुढे थंडीभर मामी मला खिडकीतून दिसत राहिल्या. बाजाराच्या दिवशी आणि बाजार नसतानाही. कुंपणापलीकडे रस्त्याच्या कडेला एक चर होता, गवताने भरलेला. मामी तिथे टेकायच्या, बाभळीच्या काट्याकुट्यांची मोळी बाजूला ठेवायच्या, एखाद्या शेळीला हाकलायच्या आणि निघायच्या. मला वाटायचं, दम खातात आणि सरपण नेतात. मामा तर त्या बाजूला तोंडच करत नसत.

संक्रांत आली. लोकांनी तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणता म्हणता विचारलंच, "मामा, आज दावणार व्हता न्हवं?" कुणीतरी एका खुंटाला लाल कागदाचं फूल बांधून ठेवलं होतं. मामांनी ते सोडवलं, घडी घालून खिशात ठेवलं.

सव्वीस तारीख. झेंडावंदन आठला. मी सव्वासातला आले, यादी हातात घेऊन: दोरी, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, खडीसाखर. सगळ्यांना साडेसातला बोलावलं होतं; मामा त्यांच्या नव्या रीतीप्रमाणे अगदी वेळेवर आलेले. गेटवर पाचशे माणसं, इस्त्रीचे कपडे, आणि आत टाकीशेजारी सिमेंटच्या गोण्या उद्यासाठी रचून तयार. तेवढ्यात वॉचमन धावत आला. "मामा, तुमची मामी आल्यात."

मामांनी घड्याळ बघितलं. साडेसात. मामी साडेसातला कुठे पोचल्याची नोंद त्यांच्या संसारात नव्हती. काहीतरी भयंकर झालं असणार अशा चेहऱ्याने ते गेटबाहेर धावले. मीही गेले, आणि आमच्यामागे गेटवरची सगळी माणसं.

मामी चरात उतरून उभ्या होत्या. दम लागलेला, पण हात भरभर चालत होते. बाभळीचे काटे एकेक उचलून त्या बाजूला टाकत होत्या. शेवटची काटेरी फांदी निघाली आणि खाली लाल दिसलं. कुंपणाच्या तारेखालून एक फांदी बाहेर चरात गेली होती, दोन हात लांब, गेल्या वर्षीची, न कापलेली. आणि तिच्यावर जागा उरली नव्हती. पान दिसत नव्हतं, नुसतं फूल. एक इवलासा शिंजीर पक्षी एवढ्या गर्दीला न जुमानता तिथे चोच घालत होता.

पाचशे माणसांमधून एकच आवाज निघाला, त्याला शब्द नव्हते. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून बघायला लागले. मुकादम तर चरात उतरून मोजायलाच बसला. मामा तारेला धरून उभे होते. मामींना म्हणाले, मला का नाही सांगितलंस. मामी म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुमी दिवाळीतच गावाला दावली असती. आन् शेळ्यांनी खाल्ली असती."

गर्दी बाजूला झाली. साहेब आले होते. पांढरी टोपी घातलेली, हात मागे. त्यांनी फांदी बघितली, कुंपण बघितलं आणि मुकादमाला विचारलं, ही कशी राहिली.

मुकादम अंग चोरून म्हणाला, "कातरी भायेर न्यायची तर गेटपास लागतोय, साहेब. बाईंनी दिला न्हवता."

नियम माझाच होता. पासाशिवाय कुठलंही हत्यार गेटबाहेर जाणार नाही. मीच टाइप करून भिंतीवर लावला होता. पाचशे माणसं माझ्याकडे वळली आणि मी यादीत तोंड घातलं.

"पण फूल कंपाउंडच्या बाहेर आहे," साहेब म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. शब्द दिला होता तो कारखान्याच्या झाडाबद्दल, आणि शब्द पाळायचा तर नीट पाळायचा, असा त्यांचा स्वभाव.

मामी पदराने कपाळ पुसत चरातून वर आल्या. "साहेब, तुमचा भोंगा आमच्या चिंचवडात ऐकू येतोय. रोज त्यानंच उठतो आमी. म्हंजी त्यो काय चिंचवडाचा झाला?"

साहेब चकचकीत बुटांनिशी वाकले, तारेखाली बघितलं आणि फांदीवरून नजर मागे नेत नेत आतल्या खुंटापर्यंत गेले. उठून गुडघा झटकला. "मूळ आत आहे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "गोण्या टाकीकडेच राहू द्या. स्टँड तिकडेच."

त्यानंतर जो गलका झाला त्यात शंभर पावलं जास्त चालावी लागणारेच सर्वात पुढे होते. कुणीतरी मामांना उचललं. झेंडावंदन सात मिनिटं उशिरा झालं. माझ्या हातून तसं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पुढच्या वर्षी त्या खुंटांना नव्या फांद्या फुटल्या, त्या जुन्या झाल्या आणि फुलल्या. बागेच्या यादीत मी ऑक्टोबरात कायमची एक ओळ घातली: धायटीला हात लावू नये. आता माझं वय त्या वेळच्या मामींएवढं झालं आहे आणि याद्या अजून करते. पण त्या सकाळचा शेवट कुठल्या यादीत बसणारा नव्हता.

सगळे झेंड्याकडे निघाले होते. मामा कुंपणापाशी मागे राहिले होते, मामी चराच्या काठावर बसून फुलांकडे बघत होत्या. मामांनी उजव्या खिशातून आपलं घड्याळ काढलं, किल्ली फिरवून काटा वीस मिनिटं पुढे सारला, कानाला लावून ऐकलं आणि परत ठेवलं.

"चल ऊठ," ते म्हणाले. "झेंडा झाला की बाजारला सोडतो. उशीर व्हतोय."

"बाजार धाला भरतोय," मामी म्हणाल्या, आणि बसून राहिल्या. मामा थोडा वेळ उभे राहिले. मग तेही तिथेच बसले.